चेन्नई ते पोर्ट ब्लेअर अडीच दिवसांचं पाणी, मग कंटेनरचा डबा पोचायला तीन आठवडे का?

मकरपुरा_पंपवाला

नमस्कार मंडळी. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) अंदमानला माल जायचा आहे, पोर्ट ब्लेअरला. सरकारी कागदावर आता श्रीविजयपुरम. दोन वीस फुटी कंटेनर आहेत. पहिल्यात ४.२ टनांचे दोन डिझेल जेनसेट आणि त्यांची कंट्रोल पॅनल. दुसऱ्यात आठ पंपसेट, जीआय पाइप आणि साइटवर टचअप करायला इपॉक्सी पेंट व थिनरचे चार-चार लिटरचे वीस डबे. इथून चेन्नईपर्यंत ट्रेलर, पुढे किनारी फेरीचं छोटं कंटेनर जहाज.

चेन्नई-पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे साधारण ७३० सागरी मैल. १२ नॉटने गेलं तरी एकसष्ट तास होतात. तरी एजंट म्हणतो, चेन्नईत डबा पोचल्यापासून तीन आठवडे धरा. पार्टीच्या ऑर्डरमध्ये उशिराच्या दंडाचं कलम आहे, म्हणून हे दिवस नेमके जातात कुठे ते समजून घ्यायचंय.

शिवाय तो म्हणाला, जेनसेटच्या डब्याचं वजन दहा टन लिहून द्या, कोण मोजतंय. हे चालतं का? आणि आत माल नायलॉनच्या दोरीने हुकांना बांधला तर पुरेल का? डबा डेकवर न ठेवता खाली ठेवा असं सांगता येतं का?

निवृत्त_मेट_दांडियाबाजार

समुद्रावरचे अडीच दिवस सोडून द्या, ते सगळ्यात स्वस्त दिवस. वेळ जातो तो धक्क्यावर आणि धक्क्याची वाट बघण्यात.

ही जहाजं स्वतःची क्रेन घेऊन फिरतात, कारण लहान बंदरात किनाऱ्यावर गॅन्ट्री (धक्क्यावरची मोठी क्रेन) असेलच असं धरून चालता येत नाही. मोठ्या बंदरातली गॅन्ट्री तासाला २५-३० डबे हलवते. जहाजाची क्रेन दहा-बारा, फार तर पंधरा. साधा हिशेब करा. पाचशे टीईयूचं (म्हणजे पाचशे वीस फुटी डब्यांच्या मापाचं) जहाज, ३०० डबे उतरवायचे आणि ३०० चढवायचे, म्हणजे ६०० उचल. दोन क्रेन, प्रत्येकी तासाला दहा, की झाले ३० तास. हे नुसतं क्रेन फिरण्याचं गणित झालं. त्यात लॅशिंग (डबे जहाजाला बांधून ठेवणारी बांधणी) सोडणं, परत बांधणं, पाळी बदलणं, जेवणाची सुट्टी, ट्रेलर वेळेवर न येणं, हे सगळं मिळवलं की अडीच-तीन दिवस सहज होतात. हॅच कव्हरही, म्हणजे होल्डचं (जहाजाच्या पोटातल्या कोठाराचं) झाकणही, हीच क्रेन उचलते. एकेक कव्हर वीस टनांच्या घरात असतं आणि ते ठेवायला जागा लागते. कव्हरवर पुढच्या बंदराचे डबे उभे असतील तर आधी ते हलवा, मग कव्हर काढा, होल्डमधला माल काढा, आणि सगळं उलट क्रमाने परत. म्हणून बेटांच्या फेरीत मेटचं (माल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) अर्धं डोकं एकाच गोष्टीत अडकलेलं असतं: कोणता डबा कोणाच्या डोक्यावर बसला आहे.

परतीला माल जवळजवळ नसतो. बेटावर सिमेंट, धान्य, यंत्रं जातात, तिथून येतात ते बहुतेक रिकामे डबे. रिकामा डबा उचलायला भरलेल्याइतकाच वेळ घेतो, म्हणून परतीचं भाडं नसलं तरी परतीचं काम असतंच.

आता फेरी जोडा. जाताना अडीच दिवस, येताना अडीच, दोन्हीकडे तीन-तीन दिवस काम, वर दोन्हीकडे नांगरावर एक-दोन दिवस. तेरा-पंधरा दिवसांचा फेरा झाला. लाइनकडे (जहाज कंपनीकडे) या मार्गावर एकच जहाज असेल आणि तुमचा डबा कट-ऑफनंतर (माल घ्यायच्या शेवटच्या वेळेनंतर) एक तास उशिरा आला, तर पुढचं जहाज म्हणजे तेच जहाज, दोन आठवड्यांनी. तुमच्या एजंटाचे तीन आठवडे तिथून आलेत.

वजनाचं सांगतो. जेनसेट ८.४ टन, पॅनल-केबल धरून साधारण ०.९, लाकूड-पट्टे अर्धा टन, रिकामा डबा २.३. झाले १२.१. दहा लिहिलंत तर दोन टनांची थाप. एका डब्याने जहाज बुडत नाही हे खरं. पण दीडशे लोकांनी प्रत्येकी दोन टन लपवले की ३०० टन होतात. १२० मीटर लांब, २० मीटर रुंद जहाज साधारण २० टनांना एक सेंटिमीटर खाली बसतं, म्हणजे हिशेबापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त. निघण्याआधी मेट ड्राफ्टचे (जहाज पाण्यात किती बसलं त्याचे) आकडे वाचतो तेव्हा ते दिसतं. मग कोणाचे डबे उतरवायचे हा प्रश्न येतो, आणि काटा पावती (वजनकाट्याची पावती) नसलेल्यांचे आधी उतरतात.

तो डबा ज्या थप्पीत बसतो तिथे फरक जास्त जाणवतो. डेकवर तिसऱ्या थराला दहा टन समजून बारा ठेवले की खालच्या ट्विस्टलॉकवर (डबे कोपऱ्यांत जोडणाऱ्या कुलपांवर) आणि लॅशिंग रॉडवर ताण हिशेबापेक्षा वाढतो. स्टॅक (थप्प्या) पडतात ते असेच, आणि पडताना शेजारच्या रांगेलाही घेऊन जातात.

रावपुरा_१९

पाऊस हेही कारण आहे ना? अंदमानात मे ते डिसेंबर पाऊसच पाऊस. होल्ड उघडलं की पाणी आत, म्हणून काम बंद.

निवृत्त_मेट_दांडियाबाजार

नाही हो, ते सुट्या मालाचं. धान्याची पोती, सिमेंटच्या गोण्या उघड्यावर हलवताना पावसात काम थांबतं. कंटेनर पावसात हलतो. थांबतो तो वाऱ्याने, विजा चमकत असल्या तर, आणि क्रेनवाल्याला खालचं दिसेनासं झालं तर. वारा सेकंदाला वीस मीटरच्या आसपास गेला की बहुतेक क्रेन थांबवतात. डबा दोरावर फिरायला लागतो, स्प्रेडर (डबा पकडणारी चौकट) चार कोपऱ्यांवर बसत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मे महिन्यात वादळाचा बावटा लागला तर जहाज धक्का सोडून समुद्रात निघूनही जातं. तेव्हा किती दिवस जातील ते कोणी सांगू शकत नाही.

पावसाने उशीर होतो तो पुढे, डबा उघडून माल काढताना.

खालचा_डेक

मेट साहेब क्रेनचा वेग सांगून थांबले. ती क्रेन बंद पडते तेव्हा काय, ते इंजिनरूमवाल्यांनाच सांगावं लागणार.

दोनपैकी एक क्रेन गेली की वरचे ३० तास ६० होतात, आणि ज्या बे (डब्यांच्या आडव्या रांगा) दुसऱ्या क्रेनच्या आवाक्यात नाहीत त्या तशाच राहतात. छोट्या जहाजावर बहुतेक क्रेन इलेक्ट्रो-हायड्रॉलिक. बिघडतं ते ठरलेलं: होज फुटतो, तेल तापून ट्रिप होतं (कूलरची जाळी मीठ आणि धुळीने बंद), लिमिट स्विचमध्ये (क्रेनला हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या स्विचमध्ये) पाणी शिरतं. हॉइस्ट (उचल) लिमिट, लफिंग (बूम वर-खाली) लिमिट, ढिल्या दोराचा स्विच यांतला एक जरी चुकीचा सिग्नल द्यायला लागला की क्रेन हलत नाही, आणि हलू नयेच. घाईत तो स्विच बायपास करणारे महाभाग असतात. त्यातून बूम (क्रेनचा लांब हात) मागे कोसळते किंवा हुक ब्लॉक वर जाऊन आदळतो.

वायर रोपचा नियम सोपा आहे. व्यासाच्या आठपट लांबीच्या कोणत्याही तुकड्यात दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांच्या वर गेल्या की दोर बाद. २८ मिलिमीटरचा दोर असेल तर २२४ मिलिमीटरचा तुकडा बघायचा. खाऱ्या हवेत वरून ग्रीस चकचकीत आणि आत गंज असा प्रकार नेहमीचा, म्हणून नुसतं हात फिरवून चालत नाही. बारा महिन्यांनी सक्षम माणसाकडून पूर्ण तपासणी, पाच वर्षांनी लोड टेस्ट. ४० टनांच्या क्रेनला ४५ टन लटकवतात, कारण २० ते ५० टनांच्या टप्प्यात चाचणीचं वजन क्षमतेपेक्षा पाच टन जास्त धरतात. १ जानेवारी २०२६ पासून उचल-यंत्रांचे नियम थेट सोलासमध्येही (समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातही) आले आहेत.

आणखी एक: ४० टनांची क्रेन म्हणजे ४० टनांचा डबा नव्हे. स्प्रेडरचं वजन त्यातच, आणि बूम लांब काढली की क्षमता कमी. तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो.

विजेचं गणितही खालीच बसवावं लागतं. समुद्रावर बऱ्याच अशा जहाजांत शाफ्ट जनरेटर (मुख्य इंजिनावर फिरणारा) वीज देतो, मुख्य इंजिन एकाच वेगाने फिरतं आणि पंख्याची पाती वळवून जहाजाचा वेग बदलतात. धक्क्यावर मुख्य इंजिन बंद, म्हणजे शाफ्ट जनरेटर बंद. मग दोन क्रेन आणि वीस-तीस रीफर (शीत) डबे डिझेल जनरेटरवर. रीफर सरासरी तीन-चार किलोवॅट खातो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना उसळी मारतो. दोन्ही क्रेन एकाच क्षणी पूर्ण वजन उचलायला लागल्या आणि एकच जनरेटर चालू असेल तर ब्लॅकआउट ठरलेला. हवेत लटकलेला डबा ब्रेकवर उभा राहतो, पण काम अर्धा तास गेलंच. म्हणून दोन जनरेटर समांतर आणि तिसरा तयार. तिसरा ओव्हरहॉलला उघडलेला असेल तर सेकंड इंजिनिअरला धक्क्यावर झोप नाही.

निवृत्त_मेट_दांडियाबाजार

झोपेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. ती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान सहा तासांचा. लांब पल्ल्याच्या जहाजावर हे सहज जमतं. दर तीन दिवसांनी बंदर आलं की पायलट चढणं, दोर बांधणं, हॅच, लॅशिंग, बॅलास्ट (तोलासाठीचं पाणी), कागद, परत दोर सोडणं, आणि माणसं पंधरा-अठराच. तासांच्या तक्त्यात सगळं नियमात दिसतं आणि माणूस डोळे तारवटून उभा असतो. अशा वेळी ट्विस्टलॉक उघडा राहतो. विशेषतः एकाच जहाजावर डावे आणि उजवे ट्विस्टलॉक मिसळले असतील तर. दांडा एकाच बाजूला असतो, पण एक बंद असतो आणि दुसरा उघडा, खालून बघून कळत नाही.

क्रेनबद्दल अजून एक, कारण तुमच्या जेनसेटच्या डब्याशी संबंध आहे. ३० टनांचा डबा मध्यरेषेपासून २० मीटर बाहेर धरला की ६०० टन-मीटरचा झोक. जहाजाचं विस्थापन (मालासकट एकूण वजन) १२,००० टन आणि जीएम (स्थिरतेचं माप) ०.८ मीटर असेल तर जहाज साधारण साडेतीन अंश कलतं. शिवाय डबा उचलताक्षणी त्याचं वजन बूमच्या टोकाला आहे असंच जहाजाला वाटतं, म्हणून जीएमही थोडा कमी होतो. इतक्या कलात डबा होल्डच्या सेल गाइडमध्ये (डबा खाली सरकवणाऱ्या उभ्या लोखंडी पट्ट्यांमध्ये) घासतो, अडकतो. म्हणून हीलिंग पंप एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूच्या टाकीत सतत ढकलत असतो, आणि क्रेनवाल्याला त्याची वाट बघावी लागते. त्यातच डबा आतून एकीकडे जड असेल तर तो वाकडा लटकतो आणि गाइडमध्ये जातच नाही. तीन-चार प्रयत्न होतात, मग डबा बाजूला ठेवला जातो. तुमचे दोन्ही जेनसेट दाराकडे लोटून ठेवू नका. अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन नको.

मकरपुरा_पंपवाला

आभार, बरंच डोक्यात उतरलं. म्हणजे जड डबा खाली होल्डमध्येच मागावा ना? खाली जितकं वजन तितकं जहाज स्थिर.

निवृत्त_मेट_दांडियाबाजार

मागून बघा, पण शब्द कोणी देणार नाही. आणि ‘जितकं खाली तितकं बरं’ हे अर्धंच खरं. डोलण्याचा काळ साधारण ०.८ गुणिले रुंदी भागिले जीएमचं वर्गमूळ. २० मीटर रुंद जहाज, जीएम १ मीटर, तर एक डोल १६ सेकंदांचा. खाली नुसतं सिमेंट आणि वर चार डबे असं भरलं, जीएम अडीच मीटर झाला, तर तोच डोल दहा सेकंदांचा. जहाज उलटणार नाही, पण प्रत्येक डोलाला हिसका देईल. त्या हिसक्यात लॅशिंग तुटतात आणि डब्यातला माल सुटतो.

परतीचं दुखणं वेगळं. डेकवर रिकाम्या डब्यांचे थर असतात. चाळीस फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचा) डबा रिकामा ३.८ टनांचा, बाजू ३५ चौरस मीटर. ५० नॉटच्या वाऱ्यात त्या एकट्या बाजूवर दीड टनाच्या आसपास रेटा. वजन नाही आणि शीड मात्र मोठं, म्हणून रिकामा थरही भरल्याइतक्याच काळजीने बांधावा लागतो.

सयाजीगंज_कार्गो

जहाजाचं या दोघांनी सांगितलं, वडोदऱ्याच्या बाजूचं मी सांगतो.

पेंट आणि थिनर. हे लपवू नका. पेंट म्हणजे यूएन १२६३, वर्ग ३, ज्वलनशील द्रव. तुमचे चार लिटरचे डबे मर्यादित प्रमाणाच्या सवलतीत बसतात: आतलं भांडं पाच लिटरपर्यंत आणि बाहेरची पेटी एकूण ३० किलोपर्यंत. तरीही घोषणापत्र द्यावंच लागतं आणि पेटीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीची खूण लागते. न सांगता भरलं आणि तपासणीत निघालं तर अख्खा डबा थांबतो, पंपांसकट. खरं सांगायचं तर वीस डब्यांसाठी एवढा उपद्व्याप कशाला, पेंट तिथेच विकत घ्या. जेनसेटची डिझेल टाकी रिकामी करा. ओल्या (ॲसिड भरलेल्या) बॅटऱ्या वेगळा धोकादायक माल आहेत, वर्ग ८. त्या कशा पाठवायच्या ते लाइनला आधी विचारा.

वजन: जुलै २०१६ पासून सोलासखाली भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही असं ठरलं. किनारी फेरीत कागद कुठला मागतात ते लाइनवर आहे, पण काटा पावती द्याच. रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर एकाच काट्यावर करा. मकरपुऱ्यात रिकामा आणि हायवेवर भरलेला केला तर दोन काट्यांतला फरक तुमच्या नावावर चढतो. ट्रेलरची डिझेल टाकी दोन्ही वेळा सारखी भरलेली असावी.

ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा कागद): मालाचा एक टप्पा जहाजाने असेल तर वैधता दर २० किलोमीटरला एक दिवस मिळते, नुसत्या रस्त्याच्या मालाला दर २०० किलोमीटरला एक. पोर्टलवर वाहतुकीचा प्रकार साधा ‘रोड’ टाकला तर वडोदरा-चेन्नईचे साडेसतराशे किलोमीटर नऊ दिवसांत संपतात आणि डबा चेन्नईत जहाजाची वाट बघत असताना बिल मरतं. वाढवून घ्यायला संपण्याच्या आधी आठ आणि नंतर आठ तास, एवढीच खिडकी. जहाजाचा पर्याय सुरुवातीलाच निवडा.

कट-ऑफच्या चार दिवस आधी डबा चेन्नईत हवा. ग्राउंड रेंट (डबा ठेवण्याचं जागाभाडं) पडेल थोडं, पण जहाज चुकण्यापेक्षा स्वस्त. दंडाचं कलम ‘कारखान्यातून निघाल्याची तारीख’ किंवा ‘जहाजावर चढल्याची तारीख’ यावर बांधून घ्या. ‘साइटवर पोचल्याची’ मान्य केली तर क्रेनच्या लिमिट स्विचचा दंड तुम्ही भरणार.

कोठी_पॅकिंग

दोरीच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. नायलॉनच्या दोरीने नाही पुरणार, आणि हुकांवर सगळा भरवसाही नको.

कंटेनरच्या तळाच्या कडीची क्षमता मानकाप्रमाणे किमान एक टन, वरच्या कडीची अर्धा टन. समुद्रात आडवा धक्का सगळ्यात वाईट पाण्यात वजनाच्या ०.८ पट धरतात. ४.२ टनांचा जेनसेट म्हणजे ३.३६ टनांचा रेटा. लोखंडी स्किड (जेनसेटखालची चौकट) प्लायवुडवर, घर्षण ०.३ धरलं तर १.२६ टन फुकटात अडतात, उरतात २.१ टन. पट्टा तिरका असतो, म्हणून एक टनाची कडी आडवा एक टन पेलत नाही. प्रत्येक बाजूला चार-चार पट्टे लावावे लागतील.

त्यापेक्षा स्किडखाली रबरी अँटिस्लिप चटई घाला. घर्षण ०.६ धरता येतं, २.५२ टन तिथेच थांबतात, उरतात साधारण ०.८४. ते लाकडाने अडवा: १०० बाय १०० मिलिमीटरच्या तुळया, स्किडपासून बाजूच्या तळाच्या रेलपर्यंत, दोन्हीकडून, आणि पाचर ठोकून घट्ट. लाकूड पन्हाळी पत्र्याच्या मधोमध टेकवू नका. बाजूची भिंत पसरलेला भार पेलते, एका ठिकाणचा नाही. टेकवावंच लागलं तर आधी लांबीला आडवी फळी, मग तुळई. चटई स्किडच्या कडेबाहेर थोडी दिसली पाहिजे. लोखंड थेट प्लायवुडला लागलं की तेवढ्यापुरता उपयोग गेला. वरून रॅचेट पट्टे घाला, पण ते उडू नये म्हणून.

जीआय पाइप सुटे नकोत. बंडल बांधा आणि दाराकडच्या टोकाला लाकडी आडोसा द्या, नाहीतर दार उघडणाऱ्याच्या पायावर येतील.

डबा भरण्याआधी आत शिरून दार लावून घ्या आणि उजेड दिसतो का बघा. किनारी फेरीला येणारे डबे पुष्कळदा थकलेले असतात. सुईएवढा उजेड दिसला तरी दुसरा मागा, कारण डेकवर तिथून खारं पाणी येणार. गॅस्केटचे खालचे कोपरे हात लावून तपासा, फाटतात ते तिथेच. ओलं लाकूड वापरू नका. दिवसा तापून रात्री गार होताना त्याच ओलाव्याचे थेंब छतावरून पॅनलवर पडतात. पॅनलला वेगळी व्हीसीआय (गंज रोखणारी) फिल्म आणि डेसिकंट (ओलावा शोषणारी पिशवी), आणि दार शेवटचं बंद करेपर्यंत डेसिकंटची पिशवी फोडू नका.

मकरपुरा_पंपवाला

ठरलं. पेंट तिथेच घेतो, वजन काट्यावर करतो. रबरी चटई किती जाडीची?

कोठी_पॅकिंग

आठ मिलिमीटर. तीनची मिळते, पण स्किडच्या कडेखाली ती चिरते. जुन्या टायरचे तुकडे वापरू नका, त्यावर तेल असतं.